वर्ड उघडत नाही? आधी या चुका टाळा

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी सीपीयू काखोटीला मारून येतोच. "दादा, वर्ड उघडंना. फॉरमॅट मारून टाका." अहो, दुखणं सांगा की, औषध कशाला सांगताय?

कोरेगावकडच्या एका दस्तलेखकांची गोष्ट सांगतो. रोज सकाळी वर्डची निळी पाटी यायची आणि तिथंच अडकायची. बाराच्या सुमाराला मात्र झटक्यात उघडायचं. मशीन तापल्याशिवाय चालत नाही, असं सगळ्यांचं निदान. पुतण्यानं एका दुपारी फॉरमॅट मारला, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकलं, वर्ड उघडलं, पोराचं कौतुक झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तीच पाटी. डेस्कटॉपवरचे खरेदीखतांचे, बक्षीसपत्रांचे मसुदे तेवढे गेले. कुठं कुठं जपलेल्या जुन्या फायली उघडाव्यात, तर बिनयुनिकोड, म्हणजे रोमन अक्षरांवर मराठी आकार चढवणारा, फॉन्टही पुसला गेलेला, त्यामुळं मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा.

दोष प्रिंटरच्या जोडणीत होता. प्रिंटर शेजारच्या टेबलावरच्या मशीनला जोडलेला आणि तिथून शेअर केलेला. ते मशीन ज्यांचं, ते साडेअकराला यायचे. वर्ड सुरू होताना डीफॉल्ट, म्हणजे आपोआप निवडलेल्या, प्रिंटरची चौकशी करतं, कारण पानाची मांडणी त्यावरही ठरते. पलीकडून उत्तरच येत नसेल तर बिचारं वाट बघत बसतं. मी सेटिंगमध्ये जाऊन 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' हा, कागदाऐवजी पीडीएफ फाईल बनवणारा, डीफॉल्ट केला. डीफॉल्ट प्रिंटर विंडोजनं सांभाळावा अशी एक खूण तिथं असते, तीही काढली; नाहीतर शेवटी वापरलेला प्रिंटर गुपचूप परत डीफॉल्ट होतो. दोन मिनिटांचं काम. पैसे घ्यायला मलाच कसंतरी झालं.

दुसरी चूक दम नसलेल्यांची. उघडलं नाही की टकाटक दहा क्लिक. पडद्यावर काही दिसत नसलं तरी आत वर्ड अर्धवट सुरू होऊन अडकलेलं असतं, त्यात आणखी भर. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजरमध्ये वर्डच्या नावाच्या सगळ्या ओळी बंद करा, मग एकदाच उघडा. एकदाच!

वर्ड उघडत नाही की फाईल उघडत नाही, हे आधी बघा. स्टार्टमधून कोरं वर्ड उघडलं तर खोट फाईलमध्ये आहे. पेनड्राइव्हवरून थेट उघडू नका, आधी कॉपी करून घ्या.

कंट्रोल दाबून धरून वर्ड सुरू करा. सेफ मोड, म्हणजे जादा जोडण्यांशिवायचं साधं वर्ड, हवा का विचारेल, हो म्हणा. असं उघडलं तर बहुतेक वेळा कुठलं तरी ॲड-इन, म्हणजे वर्डला जोडलेला जादा छोटा प्रोग्राम, नडतंय. फाईल, ऑप्शन्स, ॲड-इन्स, खाली 'कॉम ॲड-इन्स' निवडून गो, आणि सगळ्या खुणा काढा. मग रोज एक परत लावून बघा. माझी पद्धत अशीच संथ आहे, पण चोर सापडतो.

नॉर्मल टेम्प्लेटची, म्हणजे नव्या कोऱ्या पानाच्या साच्याची, फाईल बिघडली की ती डिलीट करा, असं व्हिडिओत सांगतात. मी कधीच करत नाही. वर्ड बंद करून तिचं नाव बदलतो, वर्ड नवी कोरी बनवून घेतं. तुमचे मॅक्रो (एका कळीवर होणारी ठरवून ठेवलेली कामं), स्टाइल्स जुन्या फाईलीत असतात, ते नंतर काढता येतात.

फुकटची 'रिपेअर टूल्स' उतरवू नका. यावर जास्त बोललो तर रक्तदाब वाढतो.

एवढं करून नाहीच जमलं तर कंट्रोल पॅनेलमधून ऑफिसचं क्विक रिपेअर, त्याला इंटरनेट लागत नाही. ऑनलाइन रिपेअर सगळ्यात शेवटी. त्यात ऑफिस जवळजवळ नव्यानं बसतं. ते लावून जेवायला जा, आणि पुतण्याला खोलीबाहेर बसवा.