डीएनपी करायचंय? आधी लॉगबुक शोधा

सोलापुरात आयसीयूच्या रात्रपाळ्या करत मी डीएनपीचा, म्हणजे डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिसचा अर्ज भरला. ज्युनिअर पोरी विचारतात, "ताई, ही पीएचडीच ना?" नाही गं. पीएचडीत नवं संशोधन उभं करायचं, डीएनपीत सिद्ध झालेलं वॉर्डात उतरवायचं.

पदवी अमेरिकेतली. बी.एस्सी.नंतर देखरेखीखाली किमान 1000 तास प्रत्यक्ष काम लागतं. एम.एस्सी.चे तास बरीच विद्यापीठं धरतात, पण पुरावा दाखवा म्हणतात. माझ्या लॉगबुकात, म्हणजे तासांच्या नोंदवहीत, दोन महिन्यांच्या सह्याच नव्हत्या, आणि सही करणाऱ्या मॅडम बदलून गेलेल्या! सही त्याच दिवशी घ्या. ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे विषय-गुणांचा अधिकृत उतारा, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठातून, नोंदणीची पडताळणी मुंबईच्या नर्सिंग कौन्सिलकडून. अमेरिकेतल्या नर्सिंग लायसन्ससाठी एनक्लेक्स परीक्षा वेगळीच.

खरा कस डीएनपीच्या प्रोजेक्टचा. विषय आपल्या वॉर्डातलाच शोधा. मी बेडसोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून होणारी जखम, हा विषय घेतला. पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, हे सगळ्यांना पाठ; पण आठवडाभर खाटेला तक्ता अडकवला तेव्हा दिसलं, पहाटे चारचा रकाना रोज कोरा. चहाची वेळ! आता चारला गजर लावलाय, आणि आधीचे-नंतरचे आकडे वहीत उतरवतेय.