बाप्तिस्म्यावर एकमत नसताना: व्हॉस पद्धतीची घरची बीअर

पश्चिम नॉर्वेत (व्हॉस हा तिथलाच एक भाग) मूल झालं की घरी बीअर बनवायची, ही जुनी चाल. गुलातिंग या तिथल्या मध्ययुगीन कायद्यात तर सणाची बीअर सक्तीचीच होती. निदान तीन शेतकऱ्यांनी मिळून ती बनवायची, ख्रिस्त आणि मारियेच्या नावाने, चांगलं पीकपाणी आणि शांतता मागत. जो टाळेल त्याला बिशपकडे दंड. तेव्हा ‘चर्चला जायचं नसेल तर बीअर कशाला?’ आणि ‘बीअर आहे म्हणजे बाप्तिस्मा आलाच’, ही दोन्ही वाक्यं घरात ऐकू आली तरी मनावर घेऊ नका. बीअर घराची असते. बाप्तिस्म्याचा निर्णय वेगळा घ्यायचा, आणि तो आधी घ्यायचा, कारण बीअर तयार व्हायला निदान तीन आठवडे हाती असावे लागतात.

पालकत्वाची जबाबदारी दोघांकडे असेल तर नॉर्वेच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याला दोघांची संमती लागते. एकाने परस्पर तारीख ठरवली किंवा आजीने पाद्रीबाईंना फोन केला, तरी काम पुढे सरकत नाही. बाप्तिस्मा झाला की मूल त्या चर्चचं सदस्य होतं. पंधरा वर्षांचं झालं की नाव काढायचं की ठेवायचं हे ते स्वतः ठरवतं, पण झालेला बाप्तिस्मा काही पुसला जात नाही. नको म्हणणाऱ्याचा आक्षेप नेमका कशाला आहे, हे इथेच विचारून घ्या: सदस्यत्वाला, विधीला, की सासरच्या दबावाला? तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

पुष्कळ जोडप्यांत खरी घाई नावाची असते. ती अनाठायी आहे. नाव बाळ सहा महिन्यांचं होण्याआधी लोकसंख्या नोंदणीत कळवायचं असतं, आणि त्याचा चर्चशी काही संबंध नाही. वाट पाहायची असेल तर दार उघडं राहतं. चर्चमधल्या कन्फर्मेशनच्या (किशोरवयात श्रद्धा पक्की करण्याच्या विधीच्या) आधी, तेरा-चौदाव्या वर्षी बाप्तिस्मा घेणारी मुलं तिथे नवलाची नाहीत. चर्च नकोच असेल तर ह्युमन-एटिस्क फॉरबुंड ही संस्था नामसमारंभ घेते: गाणी, कविता, भाषण. जोडीतला एक जण मराठी असेल तर सरळ बारसंच करा. फक्त एकाच दिवशी चर्च आणि नामसमारंभ दोन्ही उरकू नका. दोन्हीकडचे पाहुणे आपला विधी खरा मानतात आणि संध्याकाळी टेबलावर तोच विषय निघतो.

बाप्तिस्मा ठरला तर गॉडपेरेंट्स (बाप्तिस्म्याचे साक्षीदार, धर्म-पालक) दोन ते सहा, वय किमान पंधरा. नको म्हणणाऱ्या बाजूचा एखादा भाऊ-बहीण त्यात घेतला की अर्धा ताण जातो.

आता बीअर. खालचं माप 20 लिटरचं, सुमारे 8 टक्के अल्कोहोलचं आहे. लागेल ते: 8 किलो पिल्सनर माल्ट (मोड आणून वाळवलेलं फिकट बार्ली धान्य, भरडलेलं), 50 ग्रॅम साझ जातीचे हॉप्स (बीअरला कडवटपणा देणारी फुलं), व्हॉस जातीच्या क्वेइकचं (नॉर्वेतलं पारंपरिक घरगुती यीस्ट) 11 ग्रॅमचं एक पाकीट, आणि ज्युनिपर या सदाहरित झुडपाच्या कोवळ्या फांद्या सुमारे 800 ग्रॅम. भांडं 45 लिटरचं तरी हवं. तीन-चार तास उकळी चालणार आहे, म्हणून तान्हं बाळ असलेल्या घरात हे काम स्वयंपाकघरात नको. शेडमध्ये किंवा अंगणात गॅसवर करा.

ज्युनिपर तोडताना डोळे उघडे ठेवा. हव्या त्या झुडपाची पानं टोचतात, तीन-तीनच्या चक्रात येतात आणि प्रत्येकीवर वरच्या बाजूला एक पांढरट पट्टा असतो. पानं चपटी, मऊ आणि फळ लाल असेल तर ते यू झाड आहे, ते विषारी. बागेतला शोभेचा ज्युनिपरही वापरू नका, त्यातल्या सबिना जातीत विष असतं. फांद्या बोटापेक्षा जाड घेऊ नयेत, लाकडाने तुरटपणा येतो. 42 लिटर पाण्यात त्या टाकून पाणी 80 अंशांपर्यंत न्या आणि तासभर राहू द्या. उकळू नका. पाणी फिकट सोनेरी झालं, जंगलासारखा वास आला की झालं.

यातलं 24 लिटर पाणी 73-74 अंशांवर असताना माल्ट घालून नीट ढवळा. मिश्रण 67 अंशांच्या आसपास स्थिरावतं. झाकून 90 मिनिटं ठेवा. गाळण्याच्या भांड्याच्या तळाशी त्याच ज्युनिपरच्या फांद्या अंथरल्या की कोंडा चिकटून प्रवाह अडत नाही. जुनी युक्ती आहे आणि जाळीपेक्षा बरी चालते. पहिला रस हळूहळू सोडा, गढूळ आलेला परत वर ओता. मग उरलेलं पाणी 80 अंशांवर करून थोडं थोडं माल्टवरून सोडत राहा, एकूण 33 लिटर जमेपर्यंत. तोटी पूर्ण उघडून घाई केली की कोंड्याचा थर घट्ट बसतो आणि थेंबही येत नाही. तसं झालंच तर तोटी बंद करा, थर ढवळा, दहा मिनिटं थांबा.

उकळी तीन ते चार तास, झाकण न लावता. इतका वेळ का? व्हॉसच्या बीअरचा तांबूस रंग आणि कॅरॅमलसारखी चव फिकट माल्टमधून या उकळीनेच येते. शिवाय झाकण ठेवलं तर शिजलेल्या मक्यासारखा वास बीअरमध्ये अडकतो. हॉप्स शेवटच्या तासात. हॉप्स घालण्याआधी दोन लिटर गोड रस बाजूला काढा, दुप्पट पाणी घालून उकळी आणा, गार करून फ्रीझरमध्ये ठेवा. बाळंतीण, मुलं आणि गाडी चालवणारे यांच्यासाठी समारंभाच्या दिवशी तोच वाढायचा. नॉर्वेत वाहनचालकाला रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा 0.2 प्रति हजार आहे. या बीअरची एक छोटी बाटलीदेखील बहुतेकांना त्या पलीकडे नेते.

उकळी संपल्यावर 20 लिटरच्या आसपास उरायला हवं, घनता 1.080. घनता मोजायचा हायड्रोमीटर 20 अंशांसाठी आखलेला असतो, गरम रसात तो कमी दाखवतो. नमुना गार करून मोजा.

साध्या यीस्टची सवय असलेले इथेच चुकतात. रस 20 अंशांपर्यंत गार करायचा नाही. 39 अंशांवर यीस्ट घाला, भांडं जोरात हलवून हवा मिसळा, गोधडीत गुंडाळा आणि 35 ते 40 अंश टिकवा. संत्र्यासारखा सुगंध या उष्णतेतूनच येतो. 25 अंशांवर तेच यीस्ट रेंगाळतं आणि चव बेताची राहते. मात्र या तापमानावर जिवाणूही खुशीत असतात, म्हणून भांडी-नळ्या निर्जंतुक करण्यात हयगय नको. यीस्ट घालताना मोठ्याने आरोळी ठोकायची तिथे रीत आहे. बाळ नुकतंच झोपलं असेल तर ती गाळावी, बीअरला राग येत नाही.

दोन-तीन दिवसांत जोर ओसरतो. घनता 1.018 च्या आसपास येऊन सलग दोन दिवस हलली नाही, तरच बाटल्या भरा. हलत असताना भरलेली बाटली फुटते. साखर लिटरला 2-3 ग्रॅमच पुरे, कारण ही बीअर पारंपरिकरीत्या कमी फेसाची असते. दोन आठवडे थांबा. 0.33 लिटरच्या साठ बाटल्या निघतात, चाळीस पाहुण्यांना भरपूर.

नॉर्वेत स्वतःसाठी बीअर बनवायला मुभा आहे. विकायला नाही, आणि ऊर्ध्वपातन तर अजिबात नाही. महाराष्ट्रात घरी मद्य बनवायला परवाना लागतो, तेव्हा ही कृती इथे तशीच्या तशी करू नका. मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन घरांत बाप्तिस्म्याला मसाले घालून गरम केलेली दारू देतात, ती विकत आणलेल्या दारूची करता येते.

तळाला बसलेलं यीस्ट फेकू नका. बेकिंग पेपरवर पातळ पसरून 40 अंशांखाली कडक वाळवा, चुरा करून हवाबंद पिशवीत, वर तारीख लिहून फ्रीझरमध्ये ठेवा. पुढच्या वेळी असा एक-दोन चमचे चुरा 20 लिटरला पुरतो.