कामातला मोठा खंड आणि पुन्हा नोकरी : अर्जदाराने काय करावे

वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ नोकरी नसलेल्या व्यक्तीच्या अर्जाला बहुतेक वेळा नकारसुद्धा येत नाही. काहीच उत्तर येत नाही. या मौनाचा अर्थ अर्जदार आपल्या पात्रतेशी लावतो आणि तिथेच पहिली चूक होते, कारण अर्ज कोणी वाचून बाजूला ठेवला की वाचला जाण्याआधीच तो गळाला, हे त्याला कळलेले नसते. म्हणून अर्ज कसा लिहावा याआधी समोरचा तो कसा वाचतो, हे पाहणे उपयोगाचे ठरते.

आंतरराष्ट्रीय आकडेवारीत साधारणपणे १२ महिने किंवा त्याहून अधिक काळ शोधूनही काम न मिळालेल्या व्यक्तीला दीर्घकालीन बेरोजगार म्हणतात. अमेरिकेत ही रेषा २७ आठवड्यांवर आखलेली आहे. भरती करणाऱ्यांच्या मनात मात्र शंका याच्या बरीच आधी सुरू होते. क्रॉफ्ट, लांगे आणि नोटोविडिग्डो या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील १०० मोठ्या शहरी भागांत सुमारे ३,००० जाहिरातींना सुमारे १२,००० काल्पनिक अर्ज पाठवले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात बेकारीचा काळ जसजसा वाढला तसतसे मुलाखतीचे बोलावणे येण्याचे प्रमाण घसरत गेले. ही घसरण पहिल्या आठ महिन्यांत सर्वांत तीव्र होती आणि नंतर ती जवळपास थांबली. याचा एक अर्थ असा की दहाव्या महिन्यात असलेल्याने ‘आता दर महिन्याला परिस्थिती बिघडत जाणार’ या धास्तीने वाटेल ते काम पत्करण्याची गरज नसते.

घसरणीच्या मुळाशी तीन शंका असतात. पहिली, हाताची सवय गेली असेल. दुसरी, इतक्या दिवसांत कोणीच घेतले नाही त्या अर्थी आपल्याला न दिसलेले काही उणे इतरांना दिसले असावे. तिसरी, ही व्यक्ती नाइलाजाने येईल आणि बरे काही मिळताच निघून जाईल. यांपैकी दुसरी शंका सर्वांत घातक असते, कारण ती स्वतःच स्वतःला पोसते : दहा जणांनी न वाचता बाजूला ठेवलेला अर्ज अकराव्याला दहा जणांनी पारखून नाकारलेला वाटतो. याच प्रयोगात असेही दिसले की जिथे नोकऱ्या मुबलक होत्या तिथे खंडाचा तोटा अधिक झाला, तर जिथे बेकारी सगळीकडेच होती तिथे तो कमी झाला. म्हणजे खंडाचे कारण परिस्थितीत आहे हे वाचणाऱ्याला दिसत असेल, तर तो दोष माणसाकडे कमी वळवतो. एखादा विभाग किंवा प्रकल्प बंद पडल्याने नोकरी गेली असेल, तर ते अर्जात एका ओळीत स्वच्छ लिहावे. संकोचाने ती ओळ गाळणारे स्वतःच्याच बाजूचा पुरावा दडवत असतात.

चालू खंड आणि मागे पडलेला खंड

या विषयावरील मला सर्वांत उपयुक्त वाटणारा निष्कर्ष स्वीडनमधील आहे. एरिक्सन आणि रूथ यांनी अशाच काल्पनिक अर्जांच्या आधारे केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की पूर्वी कधीतरी बेकार राहिलेल्या, पण त्यानंतर काम केलेल्या उमेदवाराला नोकरी देणारे वेगळी वागणूक देत नाहीत. नुकत्याच सुरू झालेल्या छोट्या बेकारीचेही त्यांना वावडे नसते. त्यांना खटकतो तो नऊ महिने किंवा त्याहून लांबलेला आणि अजून न संपलेला खंड. त्यामुळे अर्जदारापुढचा खरा प्रश्न ‘हा खंड कसा झाकावा’ हा नसून ‘हा खंड लवकरात लवकर भूतकाळात कसा ढकलावा’ हा आहे.

मग कोणतेही काम धरले तरी चालेल का? येथे सावध राहावे लागते. फार्बर, सिल्व्हरमन आणि फॉन वाख्टर यांनी अनुभवी, पदवीधर स्त्रियांच्या नावाने कार्यालयीन साहाय्यकाच्या जागांसाठी अर्ज पाठवले, तेव्हा २०१६ मध्ये त्यांच्या हाती आलेले उत्तर वेगळेच होते. तिथे बेकारीच्या कालावधीने फरक पडला नाही. उलट दरम्यानच्या काळात खालच्या दर्जाचे तात्पुरते काम पत्करलेल्यांना बोलावणी कमी आली. दोन्ही अभ्यास एकत्र ठेवले तर माझ्या मते सल्ला असा निघतो : काम छोटे चालेल, अर्धवेळ चालेल, पण ते आपल्या क्षेत्राच्या जवळचे असावे. हिशेबनिसाने एखाद्या छोट्या व्यवसायाची महिन्याची खाती सांभाळावीत. अभियंत्याने जुन्या सहकाऱ्याच्या प्रकल्पातील एक भाग कंत्राटावर घ्यावा. शिक्षिकेने बदली शिक्षिका म्हणून काही तास घ्यावेत. घर चालवण्यासाठी क्षेत्राबाहेरचे काम करावे लागले तर त्यात कमीपणा काहीच नाही, मात्र अर्जात ते सर्वांत वर ठळक मांडण्याचे कारण नाही. आपल्या क्षेत्रातील छोटे काम आधी आणि हे काम नंतर, एका ओळीत यावे. कामाच्या तारखा विचारल्या गेल्या तर त्या खऱ्याच सांगाव्यात.

असे प्रत्येक काम तीन कसोट्यांवर तपासून घ्यावे : ते अलीकडचे आहे का, त्याचा दाखवता येईल असा काही परिणाम आहे का, आणि त्याबद्दल दोन शब्द सांगू शकेल अशी बाहेरची व्यक्ती आहे का. विनामोबदला कामही या कसोट्यांवर उतरू शकते. एखाद्या संस्थेची विस्कळीत नोंदवही नीट लावून दिली आणि संस्थेचा सचिव त्याला दुजोरा देतो, तर ती खरी नोंद आहे. ‘सामाजिक कार्यात सहभाग’ हे शब्द मात्र कोणालाच काही सांगत नाहीत. अभ्यासक्रमांचेही तसेच. प्रमाणपत्रांची लांबलचक यादी पाहून वाचणाऱ्याला वेळ घालवल्याचा संशय येतो, तर एकच अभ्यासक्रम आणि त्यातून स्वतः तयार केलेली एक वस्तू, तक्ता, अहवाल किंवा प्रणाली असेल, तर हाताची सवय गेली नसल्याचा पुरावा मिळतो.

अर्ज आणि बायोडेटा

आज अनेक ठिकाणी अर्ज आधी संगणकीय चाळणीतून जातो. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि अॅक्सेंचर यांच्या २०२१ च्या पाहणीत, सहा महिन्यांहून मोठा खंड दिसताच अर्ज गाळणाऱ्या कंपन्यांचे प्रमाण जवळजवळ निम्मे आढळले. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने २०११ मध्ये ‘सध्या नोकरीत असलेल्यांनीच अर्ज करावा’ अशा जाहिरातींना कायद्याने मनाई केली. पण जाहिरातीतील वाक्य पुसले म्हणून चाळणीचा नियम पुसला जातोच असे नाही. त्यामुळे बायोडेटात मोकळी जागा सोडू नये. शेवटच्या नोकरीच्या वर, इतर नोकऱ्यांप्रमाणेच महिना-वर्ष देऊन, त्या काळाची एक स्वतंत्र नोंद करावी. उदाहरणार्थ : ‘कुटुंबातील रुग्णाची शुश्रूषा, याच काळात दोन छोट्या व्यवसायांचे मासिक हिशेब सांभाळले.’ आजारपण स्वतःचे असेल तर त्याचा तपशील देण्याची गरज नसते. ‘प्रकृतीच्या कारणास्तव विराम, आता पूर्णवेळ कामासाठी सज्ज’ एवढे पुरते.

महिने गाळून फक्त वर्षे लिहिण्याची युक्ती अनेक जण सुचवतात. खंड चार-पाच महिन्यांचा असेल तर ती चालून जाते, दीड वर्षाचा असेल तर लपत नाही, आणि लपवण्याचा प्रयत्न केल्याचे मात्र उघड दिसते. जुन्या नोकरीची अखेरची तारीख पुढे ढकलणे तर सर्वस्वी टाळावे; नियुक्तीपूर्व पडताळणीत ते सापडते आणि मग हातात आलेली नोकरी खंडामुळे नव्हे, खोटेपणामुळे जाते.

ओळखीचा मार्ग

चाळणीला वळसा घालण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे अर्ज एखाद्या माणसाच्या हातून माणसाच्या हातात जाणे. कोणी ओळखीने अर्ज पुढे केला की दुसरी शंका, म्हणजे ‘इतरांनी का घेतले नसेल’, आपोआप सौम्य होते, कारण निदान एका माणसाने तरी घेण्याजोगे मानलेले असते. येथे जवळच्या नातेवाइकांपेक्षा दूरच्या परिचितांचा उपयोग अधिक होतो. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी केवळ १६.७ टक्के लोकांची त्या ओळखीच्या माणसाशी वारंवार भेट होत असे, ५५.६ टक्क्यांची अधूनमधून, तर २७.८ टक्क्यांची क्वचितच. कारण सरळ आहे : जवळच्या माणसांना ज्या जागा माहीत असतात, त्या बहुधा आपल्यालाही माहीत असतात.

अडचण अशी की बेकारीत माणूस नेमका याच परिचितांना टाळू लागतो. ऑस्ट्रियातील मारिएन्टाल या गावात गिरणी बंद पडल्यानंतर तिथल्या बेकारांचा जो अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वेळ मुबलक असूनही वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण घटल्याची नोंद आहे. रिकामा वेळ माणसाला मोकळा करण्याऐवजी आक्रसून टाकतो. म्हणून संपर्काचे काम मनःस्थितीवर सोडू नये, ठरावीक वारी ठरावीक दोन तास त्यासाठी राखावेत. पहिल्या संदेशात नोकरी मागू नये, माहिती मागावी : ‘गेल्या वर्षी आमचा विभाग बंद झाला. मी पुन्हा खरेदी विभागातले काम शोधतो आहे. तुमच्या क्षेत्रात हल्ली कोणत्या प्रणालीवर काम चालते, हे जाणून घ्यायला दहा मिनिटे बोलता येईल का?’ अशा प्रश्नाला लोक सहसा उत्तर देतात, आणि जागा असेल तर ती बोलता बोलता निघते.

मुलाखतीतला तो प्रश्न

‘इतके दिवस काय करत होता?’ हा प्रश्न येणारच, म्हणून उत्तर आधीच तयार असावे आणि ते मिनिटभरात संपावे. त्यात कारण एका वाक्यात यावे, दरम्यान केलेल्या कामाचा एक ठोस दाखला यावा आणि मग बोलणे समोरच्या जागेकडे वळावे. ‘कंपनीने खर्चकपातीत आमचा संपूर्ण गट कमी केला. त्यानंतर मी एका व्यवसायाच्या साठ्याची नोंद संगणकावर आणून दिली. त्यांची महिनाअखेरची मोजणी तीन दिवसांवरून एका दिवसावर आली. तुमच्या जाहिरातीत साठा-नियंत्रणाचा उल्लेख आहे, त्याबद्दल मला विचारायचे होते.’ जुन्या वरिष्ठांविषयीची कटुता कितीही रास्त असली तरी या मिनिटात तिला जागा देऊ नये.

काही जण टोचून विचारतात : ‘मग कोणीच घेतले नाही का?’ हा अपमान समजून उत्तर देऊ नये. ती दुसरी शंका उघडपणे बोलून दाखवली गेली आहे, इतकेच. ‘सुरुवातीचे काही महिने मी फक्त जाहिरातींना अर्ज करत राहिलो आणि त्यांतून फारशी बोलावणी आली नाहीत; ज्यांच्याकडे प्रत्यक्ष काम केले त्यांच्याशी तुम्ही बोलू शकता,’ असे शांतपणे सांगावे आणि नाव पुढे करावे. त्या व्यक्तीला आदल्या दिवशीच कळवून ठेवलेले असावे, नाहीतर फोनवरचा तिचा गोंधळ उत्तराची धार घालवतो.

पगाराबाबत आपणहून फार खाली उतरू नये, कारण त्यामुळे तिसरी शंका बळावते : इतक्या कमीत येणारा माणूस टिकणार नाही. त्याऐवजी परिवीक्षेचा काळ किंवा ठरावीक मुदतीचे, मोबदला देऊन करायचे छोटे काम सुचवावे. ‘नमुना म्हणून’ आठवडाभराचे काम फुकट मागितले गेल्यास मात्र नम्रपणे एका दिवसाची मर्यादा घालावी.

नव्या कामावर सहा-आठ महिने गेले की बायोडेटा पुन्हा उघडावा. खंडाची नोंद आता दुसऱ्या जागी सरकलेली असेल. तिचे स्पष्टीकरण काढून टाकावे, तारखा तशाच ठेवाव्यात आणि त्या मधल्या काळात ज्यांनी काम दिले, त्यांची नावे संदर्भांच्या यादीत कायम ठेवावीत.