मुंबईच्या उकाड्यात गाडीत कूलंट कुठलं टाकायचं आणि किती

उन्हाळा लागला की स्पेअर पार्टच्या दुकानात कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) बाटल्या पुढे येतात, आणि काउंटरवरचा माणूस विचारतो "हिरवं देऊ की लाल?" घोळ इथेच सुरू होतो. रंग म्हणजे नुसता डाय, त्याला कुठलं स्टँडर्ड वगैरे नाही, एका कंपनीचं लाल आणि दुसरीचं लाल आतून पूर्ण वेगळं असू शकतं. म्हणून आधी गाडीचं मॅन्युअल काढा, ग्लव्ह बॉक्समध्ये पीयूसीच्या कागदांखाली असतं, त्यात कूलंटचा प्रकार, किती लिटर लागतं आणि पाण्याचं प्रमाण असं तिन्ही लिहिलेलं असतं.

आता प्रमाण. सगळीकडे ५०-५० सांगतात पण तो आकडा मुळात थंडीचा आहे. अर्धं ग्लायकोल (कूलंटमधलं मुख्य रसायन) अर्धं पाणी असं मिक्स उणे ३७ डिग्रीपर्यंत गोठत नाही. आपल्याकडे सांताक्रूझला मार्च-एप्रिलमध्ये कधीकधी ४० च्या आसपास जातं, उणे ३७ चं काय करायचंय? उलट ग्लायकोल जितकं वाढवाल तितकी मिक्सची उष्णता वाहून न्यायची ताकद कमी होते, ५०-५० मध्ये साध्या पाण्यापेक्षा दहा-पंधरा टक्के तरी कमी. म्हणून मॅन्युअलमध्ये मुभा असेल तर मुंबईत ३० ते ४० टक्के ग्लायकोल बास झालं. आणि "उन्हाळा कडक आहे म्हणून नुसतं कॉन्सन्ट्रेटच (पाणी न मिसळलेलं कूलंट) ओततो" हे तर अजिबात नको, गाडी जास्त तापेल.

मग नुसतं पाणीच का नाही, असं जुने ड्रायव्हर विचारतात, आणि उष्णता वाहून न्यायला पाणीच भारी हे त्यांचं बरोबरच आहे. पण कूलंटमध्ये गंज रोखणारी केमिकल असतात, ती पाण्यात नाहीत. ३० टक्क्यांच्या खाली गेलात की ती केमिकल इतकी पातळ होतात की ॲल्युमिनियमचं हेड, रेडिएटर, वॉटर पंप सगळं आतून खायला लागतं, आणि ते तापमानाच्या काट्यावर दिसत नाही, वर्ष-दोन वर्षांनी बिलात दिसतं.

उकळण्याचं म्हणाल तर ३३ टक्क्यांचं मिक्स साधारण १०४ डिग्रीला उकळतं आणि ५०-५० चं १०७-१०८ ला, म्हणजे फरक तीन-चार डिग्रीचा. रेडिएटरची कॅप मात्र एकटी वीस डिग्री वर नेते! १.१ बारची (बार म्हणजे प्रेशरचं माप) कॅप धड असेल तर ३३ टक्क्यांचं मिक्सही सव्वाशेच्या घरात जाऊन उकळतं, घरातल्या कुकरच्या शिटीचंच गणित आहे. कॅपचं रबर कडक झालं, चीर गेली की प्रेशर धरत नाही आणि मग कितीही महागडं कूलंट घाला, सिग्नलला बॉनेटखालच्या कूलंटच्या बाटलीतून बुडबुडे येणारच. कुर्ल्याला सीएसटी रोडवर कॅप सहज मिळते, फक्त जुनीवर जो आकडा छापलाय तोच घ्या, जास्त बारची लावली की जुने होज पाइप फुटतात.

पाणी डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं), बॅटरीत घालतात तेच. नळाचं नको. आपलं भातसा-तानसाचं पाणी तसं मऊच, पण त्यात क्लोरीन आणि थोडे का होईना क्षार असतात, आणि मीरा रोड-वसईकडे सोसायटीत टँकरचं किंवा बोअरिंगचं पाणी येत असेल तर विषयच संपला, आत पांढरा थर जमतो आणि रेडिएटर चोक होतो. फिल्टरचं किंवा बाटलीतलं मिनरल पाणीही नको, त्यात मिनरल असतात हे तर ते नावातच सांगतात. आणि गाडी धुणाऱ्या मुलाला बजावून ठेवा की बॉनेट उघडून कूलंटच्या बाटलीत पाणी टाकू नकोस. तो बिचारा चांगुलपणानेच करतो, पण वर्षभरात ४० टक्क्यांचं २० टक्के होऊन बसतं.

बाटली घेताना ती रेडी टू यूज आहे की कॉन्सन्ट्रेट हे नीट वाचा, बारीक अक्षरात असतं. रेडी टू यूजमध्ये परत पाणी घालायचं नसतं, नुसतं टॉपअप करायला तेच बरं. पण सिस्टीम पाण्याने फ्लश केली (आतून धुतली) असेल तर एक भानगड होते जी गॅरेजवाले सोडून देतात. समजा गाडीत ५ लिटर मावतं. रेडिएटरचा खालचा बूच उघडला की ३ लिटर निघतं, २ लिटर फ्लशचं पाणी इंजिन ब्लॉकमध्येच अडकून राहतं. आता वरून ३ लिटर ५०-५० चं रेडी मिक्स ओतलंत तर ग्लायकोल झालं दीड लिटर, म्हणजे ३० टक्के, अगदी काठावर. त्याऐवजी २ लिटर कॉन्सन्ट्रेट आणि १ लिटर डीएम पाणी घाला, बरोबर ४० टक्के होतं. शेवटचा फ्लशही डीएम पाण्यानेच करा कारण तेच आत राहणार आहे. खात्री करायची तर ग्लायकोलचं प्रमाण मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर ऑनलाइन मिळतो, एक थेंब टाकून बघायचं, मात्र गाडी पूर्ण गार असताना.

प्रकारांचं थोडक्यात. जुन्या पद्धतीचं सिलिकेटवालं कूलंट दोन वर्षं टिकतं, ओएटी म्हणजे ऑरगॅनिक ॲसिडवालं साधारण पाच. जपानी आणि कोरियन गाड्यांना बहुतेक करून फॉस्फेट असलेलं पण सिलिकेट नसलेलं लागतं, युरोपियन गाड्यांचं बरोबर उलटं. दोन प्रकार एकत्र केले तर दोघांचंही आयुष्य घटतं, कधी आत चिखलासारखा गाळ होतो. बाटलीवर आयएस ५७५९, एएसटीएम डी ३३०६ किंवा जेआयएस के २२३४ यातलं एखादं स्टँडर्ड छापलेलं असावं, काहीच नसेल आणि नुसता बर्फाचा फोटो असेल तर ती बाटली परत ठेवा.

सीएनजीवाल्यांनी हे वाचाच. सिलिंडरमधल्या २०० बारच्या गॅसचं प्रेशर रिड्यूसरमध्ये (गॅसचं प्रेशर कमी करणाऱ्या भागात) एकदम खाली येतं तेव्हा गार पडतो, आणि रिड्यूसर गोठू नये म्हणून त्यातून इंजिनचं गरम कूलंट फिरवतात. म्हणजे कूलंट कमी झालं की काटा वर जायच्या आधीच गाडी सीएनजीवर झटके देऊ शकते आणि आपण प्लग बदलत बसतो. किट बाहेरून बसवलं असेल तर होज कापून टी (तीन तोंडांचा जोड) लावलेला असतो, त्या क्लिपांपाशी पांढरा-हिरवा बुरशीसारखा थर दिसला तर लीक तिथेच आहे.

ॲडिटिव्हवर (कूलंटमध्ये वरून घालायच्या केमिकलवर) माझं मत साफ आहे, बहुतेकांना लागत नाहीत. वॉटर वेटर पाण्याचा पृष्ठताण कमी करतं, त्याचा खरा उपयोग नुसत्या पाण्यावर धावणाऱ्या रेसच्या गाड्यांना. गळती आतून बुजवणारं स्टॉप लीक रस्त्यात अडकलात तर घरी पोचण्यापुरतं ठीक, पण ते भोक आणि रेडिएटरची बारीक नळी यात फरक करत नाही. हळद टाकायचा जुना जुगाड त्याच माळेतला. ट्रक-बसच्या मोठ्या डिझेल इंजिनाला लायनरसाठी (सिलिंडरच्या आतल्या नळकांड्यांसाठी) वेगळं ॲडिटिव्ह लागतं, पण ते कंपनी सांगेल तेवढंच. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायचा सल्ला देणारे भेटतील, ऐकू नका, इंजिन गार धावतं आणि ॲव्हरेज पडतं. ॲडिटिव्हच्या पैशात एसी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधला कचरा साफ करून घ्या आणि फॅन दोन्ही स्पीडला फिरतोय का बघा, घोडबंदरला तासभर अडकलात की हवा फक्त फॅनचीच.

भरताना इंजिन पूर्ण गार हवं, गरम कॅप उघडलीत तर तोंड भाजेल. हीटर फुल गरमवर ठेवून हळूहळू ओता, ब्लीड स्क्रू असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत उघडा ठेवा. जुनं कूलंट गटारात किंवा पार्किंगमध्ये सोडू नका, ते गोड लागतं, मांजर-कुत्री चाटतात आणि किडनी जाते, कॅनमध्ये भरून गॅरेजवर द्या.

नंतर दोन-तीन दिवस रोज सकाळी लेव्हल बघा. अडकलेली हवा निघाली की थोडी उतरते, तेच मिक्स घालून मॅक्सच्या खाली ठेवा. त्यानंतरही उतरतच राहिली, खाली थेंब नाही आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय, तर हेड गास्केट (इंजिन ब्लॉक आणि हेडमधलं सील) बघायला लागेल, आधी प्रेशर टेस्ट करून घ्या.