डाळ न शिजवणारं पाणी आणि मलावीचे मासे

बोअरच्या ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, तेच पाणी आफ्रिकन सिक्लिडला, म्हणजे पूर्व आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या रंगीत मत्स्यालयी माशांना, मानवतं. त्या सरोवराचं पाणी मध्यम जड आणि अल्कधर्मी, पीएच साधारण ७.८ ते ८.६. खडकवासल्याचं नळाचं पाणी त्यामानाने हलकं. म्हणून मासे आणण्याआधी पीएच, जीएच (पाण्याचा एकूण जडपणा) आणि केएच (कार्बोनेटचं प्रमाण, जे पीएच टिकवून धरतं) मोजायचं किट आणा.

केएच ८ अंशांच्या खाली असेल तर फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत किलोभर कोरलचा चुरा ठेवा. तेवढ्याने भागलं नाही तर खाण्याचा सोडा. १०० लिटरला ५ ग्रॅम टाकला की केएच सुमारे १.७ अंश चढतो. सोडा बदलायच्या पाण्यात विरघळवायचा, टँकमध्ये थेट ओतायचा नाही. दर आठवड्याला ३० टक्के पाणी बदला, नळाचं असेल तर हायपोने (सोडियम थायोसल्फेटने) क्लोरीन मारून. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर यायला लागले की पाण्याचा भरवसा नाही. तेव्हा मोजल्याशिवाय एक बादलीही टाकू नका.

टँक ४८ × १८ × १८ इंचांचा, म्हणजे जेमतेम २५० लिटर. दगडांसकट वजन साडेतीनशे किलोच्या घरात जातं, तेव्हा स्टँड भक्कम हवा. आपला काळा दगड उत्तम, पाण्यात काही सोडत नाही. आधी दगड तळाला पक्के बसवा, वाळू नंतर. उलटं केलंत तर मासे खालची वाळू उकरतात, दगड कलंडतो आणि काच जाते.

मासे सोडण्याआधी फिल्टर चार ते सहा आठवडे मुरू द्या, म्हणजे माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वाढतात. चढ्या पीएचला अमोनिया जास्त विषारी होतो, त्यामुळे गप्पीसारख्या काटक माशाला खपते ती घाई इथे नडते.

यलो लॅब या पिवळ्या, त्यातल्या त्यात शांत जातीपासून सुरुवात करा, एका नरामागे तीन माद्या. टँकमध्ये एकूण १५ ते २० म्बुना (मलावीतले खडकांत राहणारे सिक्लिड, यलो लॅब त्यातलेच) हवेत. चार-पाचच ठेवले तर दादा मासा एकालाच धरून झोडपतो. गर्दीत मार वाटला जातो. ऑरेटस हा म्बुना दिसायला देखणा, पण फार भांडखोर, नवख्याने नादी लागू नये.

खाणं स्पिरुलिनाचं (शेवाळाचं), दोन मिनिटांत संपेल इतकंच. ब्लडवर्म (लाल अळ्या) लाडाने देतात आणि मग पोट फुगतं. मासा दाणा तोंडात घेऊन थुंकला, विष्ठा पांढऱ्या दोऱ्यासारखी लोंबायला लागली, की खाणं लगेच बंद करून त्याला वेगळा काढा. पोट टम्म फुगल्यावर क्वचितच वाचतो.

डिसेंबरच्या रात्रींसाठी हीटर २५ अंशांवर लावा. बॅटरीवरचा एअर पंप कायम तयार हवा. वीज बराच वेळ गेली असेल तर कॅनिस्टर (टँकबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) तसाच सुरू करू नका. आतलं सडकं पाणी आधी मोरीत ओता.