कंपनीचा धंदाच माणसांच्या जिवावर उठलाय का, कसं ओळखायचं
सीएसआर रिपोर्ट, म्हणजे कंपनीच्या समाजकार्याचा अहवाल, बाजूला ठेवा, आधी पैसा कसा फिरतो ते बघा. साखर कारखान्याचंच घ्या. ऊसतोडणीला माणसं आणतो मुकादम, मजूर उचल घेतो म्हणजे सीझनआधीच कर्जात, नवराबायकोची जोडी मिळून एक 'कोयता' म्हणून धरली जाते, मजुरी टनावर, खाडा झाला की दंड, मग बाई मासिक पाळीत तरी सुट्टी कशी घेणार? बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढायच्या ऑपरेशन्सवर २०१९ ला सरकारला समिती नेमावी लागली ती उगाच नाही. आता विचारा, दंड बंद केला, बाईची मजुरी तिच्याच खात्यात टाकली, तर तोडणीचं गणित बसतं का? नसेल बसत तर दोष एकट्या मुकादमाचा नाही. सभासद असाल तर हे कारखान्याच्या वार्षिक सभेत लेखी विचारा, ऊस तुमचाच तोडला जातोय.