फॉस्टर केअरमधल्या मुलाचं वकीलपत्र घेताना

नागपूर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर नव्याने आलेल्या वकिलांसाठी हे लिहितो आहोत. फॉस्टर केअर म्हणजे बालकल्याण समितीच्या आदेशाने मुलाला काही काळ दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला ठेवणं. अशिलाचं वय अठराच्या आत असेल, तर उत्पन्नाचा दाखला मागत बसू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987, कलम 12 प्रमाणे बालकाला मोफत वकील मिळतो, घरची कमाई कितीही असो.

आधी बालकल्याण समितीच्या आदेशाची प्रमाणित प्रत काढा. भावंडं एकाच घरी ठेवली आहेत का आणि आईवडिलांच्या भेटीबद्दल काय लिहिलंय, हे बघा. बाल न्याय कायदा 2015, कलम 44 नुसार भावंडांची ताटातूट किंवा भेटीला मनाई करायची तर ती मुलाच्या हितासाठीच. आदेशात कारण नसेल, तर तोच अपिलाचा मुद्दा. त्याच कलमाखाली दरमहा होणाऱ्या घरतपासणीचे अहवालही मागा. महिने गाळलेले दिसले तर नोंदवून ठेवा.

अपिलात नवखे हमखास चुकतात. समितीच्या बहुतेक आदेशांवर अपील बाल न्यायालयात जातं, म्हणून फाईल घेऊन सगळे सिव्हिल लाइन्सचं न्यायमंदिर गाठतात. फॉस्टर केअरच्या निर्णयावर मात्र कलम 101 प्रमाणे अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे, 30 दिवसांत. प्रकरण परत येईस्तोवर मुदत सरते, आणि उशीर माफ करण्याची तरतूद त्या कलमात न्यायालयापुरतीच लिहिलेली आहे.

दुसरी गोष्ट कुणी विचारत नाही: जमीन. काटोल-उमरेडकडच्या मुलाचा बाप वारला असेल, तर पहिल्याच भेटीत सातबारा आणि फेरफार काढा. वारस नोंदीत मुलाचं नाव गाळून काकाचंच लागलेलं असू शकतं. नाव असेल तर पुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता (अल्पवयीनाचा पालक), म्हणून कोण आहे ते वाचा. मूल हिंदू असेल, तर केवळ सांभाळतो म्हणून काकाला किंवा फॉस्टर कुटुंबाला त्याची जमीन विकता येत नाही; हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा 1956, कलम 11. फेरफाराची नोटीस लागली असेल तर तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं रेकॉर्डवर येईलच याचा भरवसा नाही.

मूल अठराचं झालं की अ.पा.क. कमी करण्याचा अर्ज त्याच्याच सहीने द्यायचा. जन्मदाखल्याची प्रत त्यासाठी आत्तापासूनच फाईलला लावून ठेवा.